किती वाजले? : वाजणाऱ्या मनगटी घड्याळांच्या छंदाचा आढावा

वेळ विचारताना आपण ‘किती वाजले?’ असं विचारतो. मनगटाकडे बघून उत्तर देणाराही ‘साडेचार वाजले’ असंच सांगतो, घड्याळातून आवाज आलेला नसला तरी. ‘तास’ या शब्दाचा एक जुना अर्थ ठोके द्यायची धातूची थाळी असा आहे. घटका भरली की पहारेकरी तिच्यावर टोला द्यायचा. भाषेनं जपलेली ही सवय हातातल्या घड्याळाला कधी लागलीच नाही. अपवाद एका छोट्या आणि अतिशय महागड्या जातीचा. कडेची पट्टी सरकवली की या घड्याळाच्या पोटातल्या दोन इवल्या हातोड्या त्या क्षणाची वेळ वाजवून दाखवतात. आधी तास, मग पाव तास, मग मिनिटं. याला मिनिट रिपीटर म्हणतात. ग्रांद सोनरी हा त्याचा थोरला भाऊ. तो कुणी न सांगता, दर पाव तासाला आपणहून वाजतो.

यांत्रिक घड्याळांच्या दुनियेत ही घड्याळं कारागिरीचं शिखर मानली जातात, आणि जगभरचे संग्राहक त्यांच्यासाठी कोट्यवधी रुपये मोजतात. या छंदाचा पट नीट पाहिला तर एक विसंगती वारंवार आडवी येते. कानासाठी घडवलेली ही वस्तू बहुतेक वेळा डोळ्यांनी विकत घेतली जाते, आणि घेतल्यानंतर तिजोरीत मुकी होऊन पडते.

अंधारातली गरज

घासून पेटणारी काडी आली ती १८२७च्या सुमाराला. त्याआधी मध्यरात्री वेळ बघायची तर गारगोटीवर पोलाद घासून ठिणगी पाडायची, ती धरायची, मेणबत्ती लावायची आणि मग घड्याळ शोधायचं. एवढ्यात झोप उडायची. उशाशी असलेल्या घड्याळानं विचारलं तेव्हा वेळ सांगावी, ही कल्पना या अडचणीतून आली.

एडवर्ड बार्लो या इंग्रज धर्मगुरूनं १६७६च्या सुमारास अशी रचना काढली, की ठोक्यांची संख्या काट्यांच्या स्थितीवरून ठरेल. म्हणजे एकच वेळ हवी तितक्यांदा वाजवता येईल. पुढे ती खिशातल्या घड्याळात बसवण्यावरून बार्लो आणि लंडनचा घड्याळजी डॅनियल क्वेअर यांच्यात पेटंटचा वाद झाला. १६८७ मध्ये तो राजा दुसरा जेम्स याच्यापुढे गेला. राजानं दोन्ही घड्याळं वाजवून पाहिली. बार्लोच्या घड्याळाला तासांसाठी एक आणि पाव तासांसाठी एक अशा दोन कळा होत्या. क्वेअरचं एकाच कळीत दोन्ही सांगायचं. निकाल क्वेअरच्या बाजूनं लागला. ऐकून पारख केल्याचा हा कदाचित सर्वांत जुना प्रसिद्ध प्रसंग, आणि त्यातही कौल गेला तो सोयीच्या बाजूनं.

त्या काळात कवचाच्या आत खरोखरची घंटा असे, त्यामुळे घड्याळ जाडजूड होई. १७८३च्या सुमारास पॅरिसमध्ये अब्राहम-लुई ब्रेगे यानं घंटेच्या जागी यंत्राभोवती वेटोळं घातलेली पोलादी तार बसवली. हातोडी तारेवर पडायची आणि तार निनादायची. घड्याळ बारीक झालं, आवाज गोड झाला. आजचं जवळजवळ प्रत्येक यांत्रिक रिपीटर अशाच तारेवर वाजतं. राणी मारी आंत्वानेतसाठी म्हणून ब्रेगेच्या कारखान्यात सुरू झालेलं १६० क्रमांकाचं घड्याळही मिनिट रिपीटरच होतं. ते १७८३ मध्ये सांगितलं गेलं आणि पुरं झालं १८२७ मध्ये. राणीचा शिरच्छेद होऊन तोवर चौतीस वर्षं उलटली होती आणि ब्रेगेही हयात नव्हता. १९८३ मध्ये ते जेरुसलेमच्या संग्रहालयातून चोरीला गेलं आणि २००७ मध्ये परत आलं. संग्राहकांच्या गप्पांत या घड्याळाच्या चोरीची गोष्ट हमखास निघते. त्याच्या आवाजाबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही.

पायऱ्या उतरणारी वेळ

रिपीटरला वेळ कशी ‘कळते’, हे समजलं की त्याच्या किमतीचं कोडं बरंचसं सुटतं. काट्यांबरोबर आत तीन चकत्या फिरत असतात. त्यांच्या कडा पायऱ्यापायऱ्यांनी कापलेल्या असतात. शंखाच्या आकारामुळे घड्याळजी त्यांना गोगलगाय म्हणतात. तासाच्या चकतीला बारा पायऱ्या, पाव तासाच्या चकतीला चार, आणि मिनिटांच्या चकतीला चार फाटे असून प्रत्येक फाट्यावर चौदा मिनिटांच्या पायऱ्या. कडेची पट्टी सरकवली की एक वेगळी स्प्रिंग ताणली जाते आणि तीन दातेरी पट्ट्या या चकत्यांवर टेकतात. दातेरी पट्टी जितकी खोल जाईल तितके दाते हातोडीला उचलतात. घड्याळ वेळ मोजत नाही. ते पायरीची खोली चाचपतं.

तास खालच्या सुरात, मिनिटं वरच्या सुरात, आणि पाव तास दोन्ही सुरांच्या जोडीनं, ‘टिंग-टँग’ असा. सर्वांत लांब वादन बारा वाजून एकोणसाठ मिनिटांचं: बारा तास, तीन जोड्या, चौदा मिनिटं. म्हणजे हातोड्यांचे एकूण बत्तीस घाव. अनुभवी संग्राहक घड्याळ हातात आलं की काटे १२:५९ वर नेऊन पट्टी सरकवतो, ते यासाठी. शेवटच्या मिनिटांपर्यंत लय ढासळते का, स्प्रिंगची दमछाक होते का, सगळं या वादनात उघडं पडतं.

आपली सव्वा, साडे, पावणे ही मोजणी रिपीटरला अर्धवटच जमते. सव्वातीनला ते आपल्यासारखंच बोलतं, तीन आणि पाव. पण पावणेचारला तीन ठोके आणि तीन जोड्या. चारातून पाव वजा करून सांगायचं यंत्राला ठाऊक नाही, ते फक्त बेरीज करतं. दशमान रिपीटर हा याहून वेगळा प्रकार. त्यात पाव तासाऐवजी दहा-दहा मिनिटं वाजतात. जर्मनीच्या आ. लांगे उंड झ्योने या घराण्याचं २०१५चं त्साइटव्हेर्क मिनिट रिपीटर असं आहे. त्याच्या तबकडीवर वेळ आकड्यांत दिसते आणि दिसते तशीच वाजते.

ग्रांद सोनरीचं दुखणं निराळं. रिपीटरला प्रत्येक वेळी मालक पट्टी सरकवून ताकद पुरवतो. सोनरी आपणहून वाजत असल्यानं तिला ताकदीचं स्वतंत्र कोठार लागतं. हिशेब साधा आहे. दर पाव तासाला तासही पुन्हा वाजवायचे, तर दिवसाला तासांचे ६२४ आणि पाव तासांच्या जोड्यांचे २८८, मिळून ९१२ घाव. हे सगळं रुपयाच्या नाण्याहून जरा मोठ्या यंत्रात, चालू घड्याळाची गती न बिघडवता. म्हणून खिशातल्या घड्याळात रुळलेली ही किमया मनगटावर यायला १९९२ साल उजाडलं. ती फिलीप द्यूफूर या एकट्या कारागिरानं, स्वित्झर्लंडच्या व्हाले द जूमधल्या आपल्या छोट्या कार्यशाळेत साधली. त्याची अशी घड्याळं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच निघाली.

मनगटावरचा उशीर

मनगटी मिनिट रिपीटरची सुरुवात साधारणपणे १८९२ ची मानतात. ल ब्रासूस गावच्या ओदमार पिगे या घराण्यानं बनवलेलं यंत्र घालून लुई ब्रांत यांच्या कंपनीनं, म्हणजे पुढच्या ओमेगानं, ते तयार केलं. पाटेक फिलिप या जिनिव्हाच्या घराण्याचं पहिलं वाजणारं मनगटी घड्याळ १९१६ चं. ते बायकांसाठीचं होतं आणि पाच-पाच मिनिटांच्या हिशेबानं वाजायचं.

पुढची साठ-सत्तर वर्षं या जातीचं उत्पादन फार थोडं झालं. विजेचे दिवे आले होते, अंधारात वेळ ऐकण्याची गरज उरली नव्हती. त्यात मनगट ही या यंत्राला सर्वांत वाईट जागा: घाम, धूळ, हिसके. शिवाय अंगाच्या मऊपणात आवाज मुरतो तो वेगळाच. जुनी मनगटी रिपीटर मिळत नाहीत ती यामुळे. ती कमी टिकली त्याहीपेक्षा मुळात कमी जन्मली.

१९६९ मध्ये सेको अ‍ॅस्ट्रॉन हे क्वार्ट्‌झ घड्याळ आलं आणि यांत्रिक घड्याळांचा धंदा कोसळू लागला. पण रिपीटरचं पुनरुज्जीवन झालं ते या पडझडीमुळेच. वेळ अचूक दाखवण्यात बॅटरीशी स्पर्धा संपल्यावर स्विस घराण्यांपाशी विकायला उरलं ते बॅटरीला न जमणारं कसब. पाटेकनं १९८९ मध्ये, दीडशेव्या वर्धापनदिनी, मनगटी मिनिट रिपीटर पुन्हा आणलं. १९९० मध्ये आयडब्ल्यूसीचं ग्रांद कॉम्प्लिकासियों आलं, १९९१ मध्ये ब्लाँपँचं १७३५, आणि १९९४ मध्ये जेराल्ड जेंटाचं ग्रांद सोनरी, ज्यात लंडनच्या वेस्टमिन्स्टर मनोऱ्याची चार सुरांची धून होती. आज ज्याला आपण पुरातन परंपरा समजतो, तिचा मनगटावरचा बहर जेमतेम पस्तीस-चाळीस वर्षांचा आहे.

सूर, आस आणि धातू

चांगला आवाज म्हणजे काय, यावर संग्राहकांत कधीच एकमत होत नाही, पण कसोट्या ठरल्या आहेत. आवाज किती मोठा, किती स्वच्छ, दोन सुरांत अंतर किती, लय किती सारखी, आणि घाव पडल्यावर आस किती वेळ रेंगाळते. शिवाय मागची घरघर. वादनाचा वेग आवरायला आत एक गतिनियंत्रक फिरतो. जुन्या पद्धतीत त्याची खरखर ठोक्यांइतकीच ऐकू येई. नवे नियंत्रक जवळजवळ निःशब्द आहेत. आणखी एक दोष मधल्या पोकळीचा. तीन वाजून पाच मिनिटांनी पाव तास वाजायचाच नसतो. तेव्हा जुनं यंत्र त्या जोड्यांच्या जागी गप्प राहतं आणि ऐकणाऱ्याला वाटतं, बंद पडलं की काय. चांगल्या आधुनिक यंत्रात ही पोकळी मिटवलेली असते.

तार सुरात लावायचं काम हातानंच होतं. टोक किंचित घासलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो. तंबोऱ्याची जवारी लावणाऱ्या मिरजेच्या कारागिराला हे दोन ओळींत कळेल: चिमूटभर धातू जास्त निघाला तर परत चिकटवता येत नाही. तार जास्त लांब, म्हणजे यंत्राभोवती दीड-दोन फेरे घेणारी असली, तर तिला कथीड्रल गाँग म्हणतात. तिचा सूर खर्जाकडे झुकतो आणि आस लांबते.

मग कवचाच्या धातूचा प्रश्न. गुलाबी सोन्याचा आवाज उबदार, प्लॅटिनमचा दबलेला, असं जाणकार सांगत आले आहेत. प्लॅटिनम जड असल्यानं ते कंपनं बाहेर कमी सोडतं, हे कारण त्यामागे देतात. म्हणजे ज्या धातूचं घड्याळ सर्वांत महाग, तोच आवाजाला सर्वांत वाईट. फ्रान्स्वा-पॉल जूर्न यानं आपलं सोनरी सुव्हरेन घड्याळ २००६ मध्ये आणलं तेव्हा कवच साध्या पोलादाचंच ठेवलं, आवाजासाठी. त्याच वर्षी जिनिव्हाच्या ग्रां प्री या घड्याळांच्या स्पर्धेत त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळालं.

गेल्या वीस वर्षांत या कानाच्या कलेत प्रयोगशाळा शिरली. ओदमार पिगेनं लोझानच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाबरोबर अनेक वर्षं काम करून २०१५ मध्ये सुपरसोनरीचा नमुना दाखवला. तारा यंत्राच्या बैठकीवर बसवण्याऐवजी त्यांनी एका पातळ पडद्यावर बसवल्या. सतारीच्या तबलीसारखा तो पडदा थरथरतो आणि आवाज बाहेर टाकतो. त्यामुळे पाणी रोखणारं कवच असूनही घड्याळ मोठ्यानं वाजू लागलं. जेजेर-लकूल्त्र यांनी तारा थेट नीलमणी काचेला जोडल्या. पाटेकनं २०२१ मध्ये ५७५० हे घड्याळ काढलं. कंपनीच्या म्हणण्यानुसार साधं रिपीटर दहा मीटरवर जितकं ऐकू येतं, तितकं हे साठ मीटरवर ऐकू येतं. त्याचे पंधराच नग निघाले, तेही प्लॅटिनममध्ये. धातू जड असला तरी आवाज अडत नाही, हेच दाखवायचं होतं.

जपानी वाट मात्र उलटी गेली. सेकोच्या क्रेडोर या शाखेच्या शिओजिरीतल्या छोट्या कार्यशाळेनं आधी २००६ मध्ये सोनरी आणि २०११ मध्ये मिनिट रिपीटर काढलं. त्यांच्या स्प्रिंग ड्राइव्ह यंत्राला टिकटिक नसते, त्यामुळे ठोक्याभोवती पूर्ण शांतता असते. रिपीटरच्या तारेसाठी त्यांनी म्योचिन घराण्याचं पोलाद निवडलं. एकेकाळी सामुराईंची चिलखतं घडवणारं हे घराणं आज लोखंडी चिमट्यांपासून बनवलेल्या, वाऱ्यावर झंकारणाऱ्या घंटांसाठी प्रसिद्ध आहे. स्विस संशोधकांनी आवाज मोठा केला. जपानी कारागिरांनी भोवतीची शांतता वाढवली. रात्री उशाशी ठेवून ऐकायचं असेल तर दुसरी वाट मला अधिक शहाणी वाटते.

दरम्यान तिसरी शर्यत बारीकपणाची. व्हाशरों कॉन्स्तांतँचं २०१३चं १७३१ हे यंत्र ३.९० मिलिमीटर जाडीचं. बुल्गारीनं २०१६ मध्ये ३.१२ मिलिमीटरवर आणलं आणि टायटॅनियमचं अख्खं घड्याळ ६.८५ मिलिमीटरमध्ये बसवलं. बारीकपणा छायाचित्रात दिसतो, आकड्यात सांगता येतो. आवाजाला हवा लागते, पोकळी लागते. बारीक होण्याच्या नादात ती आधी जाते.

बाजार काय मोजतो

आता किमती. ९ नोव्हेंबर २०१९ रोजी जिनिव्हात ‘ओन्ली वॉच’ या धर्मादाय लिलावात पाटेकचं ग्रँडमास्टर चाइम ३ कोटी १० लाख स्विस फ्रँकला गेलं. त्या दिवशीच्या हिशेबानं सुमारे २२० कोटी रुपये. लिलावात विकलेलं सर्वांत महाग मनगटी घड्याळ ते हेच. त्यात पाच वाजणाऱ्या करामती आहेत: ग्रांद सोनरी, पेतित सोनरी (पाव तासाला तास पुन्हा न वाजवणारी), मिनिट रिपीटर, ठरल्या वेळी ती वेळच वाजवून दाखवणारा गजर आणि तारीख वाजवून सांगणं. पैसा डुशेन या स्नायूंच्या दुर्धर विकाराच्या संशोधनासाठी होता, त्यामुळे बोली फुगली हे खरं. पण किमतीचं मोठं कारण दुसरं. ते पोलादी होतं. पाटेकची ही जात एरवी मौल्यवान धातूत येते, हे एकमेव पोलादात. आवाजासाठी जूर्ननं निवडलेला तोच धातू इथे दुर्मीळपणासाठी मोजला गेला. बोलीच्या युद्धात आवाजाचा मुद्दा आला असेल असं मानायला फारसा आधार नाही.

खिशातल्या घड्याळांत असाच मान हेन्री ग्रेव्हज यांच्या सुपरकॉम्प्लिकेशनला. मोटारनिर्माते जेम्स वॉर्ड पॅकार्ड यांच्याशी चाललेल्या चुरशीत न्यूयॉर्कच्या या धनिकानं ते पाटेककडून बनवून घेतलं, ते १९३३ मध्ये हाती आलं. चोवीस करामती, त्यात वेस्टमिन्स्टरची धून. १९९९ मध्ये ते सुमारे १ कोटी १० लाख डॉलरना, आणि २०१४ मध्ये २ कोटी ३२ लाख फ्रँकना विकलं गेलं. या घड्याळाबद्दल लिहिताना प्रत्येक जण करामती मोजतो. तशीच मोजणी अजून चालू आहे. व्हाशरोंचं ५७२६० हे २०१५ मध्ये सत्तावन्न करामतींसह आलं, २०२४ मध्ये त्याच घराण्यानं त्रेसष्टचा आकडा गाठला. आकडा पटकन कळतो, छापता येतो, त्याची शर्यत लावता येते. सुराचं तसं करता येत नाही.

इथेच छंदाची मेख आहे. लिलावाच्या कॅटलॉगात घड्याळाची दहा छायाचित्रं असतात. आवाजाची चित्रफीत असलीच, तर फोनच्या माइकमधून आलेली. तो माइक आस कापतो आणि सगळ्या घड्याळांना एकाच घशाचं बनवतो. घड्याळ लाकडी पेटीवर ठेवून वाजवलं की आवाज दुप्पट भरतो, मनगटावर अर्धा होतो. मग कोणता आवाज खरा? पाटेकमध्ये प्रत्येक मिनिट रिपीटर बाहेर पडण्याआधी घराण्याचे प्रमुख स्वतः ऐकतात. आधी फिलिप स्टर्न ऐकत, आता थिएरी स्टर्न. नापसंत घड्याळ परत कारागिराकडे जातं. बनवणारा कानावर विश्वास ठेवतो. खरेदीदार बहुतेकदा त्या विश्वासाची पावती विकत घेतो.

खरं, खोटं आणि जोडलेलं

जुन्या रिपीटरच्या बाजारात सरळ नकलेपेक्षा मोठा धोका जोडकामाचा. १९००च्या आसपास खिशातली रिपीटर स्वित्झर्लंडमध्ये बऱ्याच संख्येनं बनली. ल लोक्लच्या ल फार कंपनीनं तर ती बऱ्यापैकी स्वस्त केली. त्यांतलं एखादं छोटं यंत्र काढून नव्या मनगटी कवचात बसवायचं, तबकडीवर मोठं नाव रंगवायचं, की पाच-दहा पट किंमत. वाजतं ते खरंच, म्हणून गिऱ्हाईक फसतं. व्यापारात अशा घड्याळांना ‘लग्न लावलेली’ म्हणतात. ओळखायच्या खुणा काही आहेत. कवचात पट्टीसाठी कापलेली खाच ओबडधोबड आहे का, यंत्रापेक्षा कवच विनाकारण मोठं आहे का, कवचाचा आणि यंत्राचा क्रमांक घराण्याच्या नोंदवहीशी जुळतो का. जुनी घराणी अशा नोंदवहीतला उतारा शुल्क घेऊन देतात. हा उतारा नसेल तर मोठ्या नावाची किंमत देऊ नये.

दुसरा धोका मालक स्वतः. वादन चालू असताना काटे फिरवले किंवा पट्टी अर्ध्यातून पुन्हा ओढली तर दाते तुटू शकतात. पट्टी अपुरी ओढल्यास वाजूच नये अशी सुरक्षा-कळ चांगल्या यंत्रात असते; फ्रेंचमध्ये तिला ‘सगळं किंवा काहीच नाही’ अशा अर्थाचं नाव आहे. ती झिजली की घड्याळ खोटं बोलू लागतं, पाचला तीन वाजवतं. दुरुस्ती सोपी नाही. रिपीटर उघडून पुन्हा सुरात लावू शकणारे हात जगात फार थोडे आहेत, आणि चांगल्या घड्याळाला बहुधा त्याच्या माहेरी, स्वित्झर्लंडलाच पाठवावं लागतं. स्विस आणि फ्रेंच यांत्रिक घड्याळकलेचा समावेश २०२० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत झाला.

आपल्याकडून पाहताना

वाजणारी वेळ आपल्याला परकी नाही. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला, प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून, त्यांच्या आईच्या नावानं. आख्यायिका सांगते, की राजाबाईंना दिसत नव्हतं. जैन धर्माप्रमाणे सूर्यास्ताआधी जेवायचं, तर संध्याकाळची वेळ घंटेवरूनच कळणार. खरं-खोटं असो, रिपीटर कुणासाठी असतं याचं याहून नेमकं उत्तर नाही. हैदराबादला सालारजंग संग्रहालयात गेलेलं प्रत्येक मराठी कुटुंब तास भरायच्या आधी त्या प्रसिद्ध घड्याळासमोर जाऊन बसतं, छोटा माणूस बाहेर येऊन घंटा वाजवतो ते बघायला. दिसणं आणि वाजणं एकत्र आलं की माणूस थांबतो.

मनगटी रिपीटर भारतात विकत घेणं मात्र खर्चाचं काम. मूळ किमतीवर सीमाशुल्क आणि जीएसटी चढतो, आणि २२ एप्रिल २०२५ पासून दहा लाखांवरच्या मनगटी घड्याळावर विक्रेत्याला एक टक्का टीसीएसही घ्यावा लागतो. तो नंतर प्राप्तिकरात वळता होतो. दिलासा एका कराराचा. स्वित्झर्लंडसह चार देशांच्या गटाशी भारतानं मार्च २०२४ मध्ये केलेला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला, त्यात स्विस घड्याळांवरचं शुल्क टप्प्याटप्प्यानं उतरवायचं ठरलं आहे. त्यानं रिपीटर स्वस्त होणार नाही, पण परदेशातून घेऊन येण्याचा मोह थोडा कमी होईल.

कोटी नसलेल्यालाही या छंदाला दार आहे. व्हल्केनचं १९४७चं क्रिकेट किंवा जेजेर-लकूल्त्रचं १९५०चं मेमोवॉक्स ही गजराची मनगटी घड्याळं रिपीटरची गरीब भावंडं. ती किरकिरतात, पण मनगटावर खरोखर थरथरतात. नव्यांत ख्रिस्तोफर वॉर्ड या ब्रिटिश कंपनीचं २०२२चं बेल कँटो तासागणिक एकच घाव देतं. ते तीन हजार पौंडांच्या आत आलं तेव्हा मोठ्या घराण्यांनाही दखल घ्यावी लागली. आणि खिशातलं जुनं पाव तासाचं रिपीटर, चांदीच्या कवचातलं, आजही त्याच्या करामतीच्या मानानं स्वस्त मिळतं, कारण खिशातलं घड्याळ आता कुणी वापरत नाही. ऐकायची हौस असेल तर हा सर्वांत शहाणा सौदा. गंमत म्हणजे अंधारातल्या वेळेचा मूळ प्रश्न अ‍ॅपलच्या घड्याळानं जवळजवळ फुकटात सोडवला आहे: तबकडी न बघता त्याच्या थरथरीतून तास आणि मिनिटं मनगटावर मोजता येतात.

गरज संपली, तरी हौस उरली, आणि त्यात चूक काही नाही. मंदिरातली घंटाही वेळ सांगायला टांगलेली नसते. पण घंटा वाजवली नाही तर तिचं काय करायचं? न वाजवलेल्या रिपीटरचं तेल घट्ट होतं, लय जड होते, आणि पंधरा वर्षांनी पट्टी ओढल्यावर ते अडखळतं. तिजोरीत जपलेलं घड्याळ तबकडीवर नवंकोरं राहतं आणि आतून म्हातारं होतं. म्हणून या छंदात उतरणाऱ्यानं विकणाऱ्याला पहिला प्रश्न किमतीचा किंवा कागदपत्रांचा विचारू नये. ‘हे शेवटचं कधी वाजलं?’ असं विचारावं. मग समोर बसून काटे १२:५९ वर न्यावेत, पट्टी पूर्ण ओढावी आणि डोळे मिटून मोजावं.